गोव्याच्या डोंगरांविषयी लिहिताना: टिपणवहीपासून प्रसिद्धीपर्यंत

गोव्याचे क्षेत्रफळ अवघे 3,702 चौरस किलोमीटर आहे आणि त्याच्या पूर्व सीमेवर सत्तरीपासून धारबांदोडा, सांगे आणि काणकोणपर्यंत सह्याद्रीची रांग पसरलेली आहे. पणजीहून किंवा मडगावहून पहाटे निघालेला माणूस न्याहारीच्या वेळेला घाटाच्या पायथ्याशी पोहोचतो. त्यामुळे इथल्या डोंगरांवर लिहिलेला मजकूर हिमालयावरच्या लेखासारखा वाचून बाजूला ठेवला जात नाही. शुक्रवारी वाचलेल्या लेखाच्या भरवशावर रविवारी गाड्या निघतात. लिहिणाऱ्याने एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून ठेवावी, असे माझे मत आहे. वाचकाच्या जिवाशी संबंध असलेला तपशील जितका नेमका देता येईल तितका द्यावा आणि रानातल्या नाजूक गोष्टींचा ठावठिकाणा मात्र जाणूनबुजून मोघम ठेवावा. पुढे सांगितलेली पद्धत याच निवाड्याला धरून आहे.

आधी लेखाचा प्रकार ठरवा

डोंगरावरचे लेखन साधारण तीन प्रकारचे असते. पहिल्यात वाट सांगितलेली असते, दुसऱ्यात अनुभव असतो आणि तिसऱ्यात त्या जागेपुढचा एखादा प्रश्न मांडलेला असतो. तिन्ही प्रकार एकाच लेखात कोंबले की वाटेची माहिती भावनेत बुडते आणि प्रश्नाची मांडणी वाटेवरच्या पोह्यांच्या वर्णनात हरवते. घरातून निघण्यापूर्वीच प्रकार ठरवला, तर वहीत काय टिपायचे हेही आपोआप ठरते.

ज्यांनी पूर्वी असे काही लिहिलेले नाही, त्यांनी पहिला सराव पारोड्याजवळच्या चंद्रनाथ पर्वतावर करावा. साडेतीनशे मीटरांच्या आसपास उंची असलेल्या या डोंगरावर चंद्रेश्वर भूतनाथाचे देवस्थान आहे, वर जायला रस्ता आहे आणि भाविकांची वर्दळही असते. तिथली वाट जगजाहीर असल्यामुळे तिचे वर्णन छापल्याने कोणाचे नुकसान होत नाही. शिवाय आपले वर्णन अचूक उतरले की नाही, हे दुसऱ्या कोणाला ते हातात देऊन तिथे पाठवून सहज तपासता येते. अभयारण्यातल्या आडवाटेवर पहिला लेख लिहिण्याचा उत्साह आवरलेला बरा.

परवानगी आणि कायदा

गोव्यातल्या घाटाचा बहुतेक भाग म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी आणि खोतीगाव या अभयारण्यांत आणि मोले राष्ट्रीय उद्यानात मोडतो. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये 1999 साली अधिसूचित झाली. खोतीगाव त्याहून तीन दशके जुने आहे. वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 च्या कलम 27 नुसार अभयारण्यात कोण प्रवेश करू शकतो हे ठरलेले आहे आणि छायाचित्रण, अभ्यास किंवा पर्यटन यांसाठीचा परवाना कलम 28 खाली मिळतो. अभयारण्याच्या हद्दीत ज्याची जमीन आहे त्याला किंवा सार्वजनिक रस्त्याने जाणाऱ्याला जी मोकळीक आहे, ती पाहुण्याला आपोआप लागू होत नाही. “गावातले लोक रोज जातात, मग आपण का नाही?” हा प्रश्न ज्याच्या मनात येतो, त्याच्यासाठी लेखात हे एक वाक्य असावे.

निघण्यापूर्वी संबंधित परिक्षेत्र वन कार्यालयात जाऊन वाट खुली आहे का, शुल्क किती, वाटाड्या बंधनकारक आहे का आणि पावसाळ्यात प्रवेश बंद असतो का, हे विचारून घ्यावे आणि विचारल्याची तारीख टिपून ठेवावी. पावसाळ्यातल्या दुर्घटनांनंतर धबधब्यांवर प्रवेशबंदी लागू झाल्याची उदाहरणे आहेत. गेल्या वर्षी खुली असलेली वाट यंदा बंद असू शकते, म्हणून “परवानगी लागत नाही” असे तारखेविना लिहिणे धोक्याचे आहे.

दूधसागरचा उल्लेख वेगळा करायला हवा. कुळे ते कॅसलरॉक या लोहमार्गावरून चालत धबधब्याकडे जाण्याची जुनी पद्धत अजूनही अनेक लेखांत “उत्तम पर्याय” म्हणून सांगितलेली आढळते. रेल्वे कायदा, 1989 च्या कलम 147 नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 2023 च्या जुलैमध्ये तिथे गर्दी करणाऱ्यांना रेल्वे सुरक्षा दलाने अडवले तेव्हा बरीच चर्चा झाली होती, पण नियम त्याच्या कितीतरी आधीपासून होता. लोहमार्गावरची वाट लेखात देऊच नये. “स्वतःच्या जबाबदारीवर जावे” अशी पुस्ती जोडल्याने ती वाट कायदेशीरही होत नाही आणि सुरक्षितही होत नाही.

नकाशा आणि गावांची नावे

भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 प्रमाणाचा नकाशा घरीच वाचून ठेवावा. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर असतो आणि समोच्च (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या) रेषांमधला उंचीचा फरक सामान्यतः 20 मीटर असतो. रेषा कुठे चिकटल्या आहेत (म्हणजे चढ कुठे तीव्र आहे), ओहोळ कुठे ओलांडावे लागणार आहेत आणि परतीची दुसरी सोंड आहे का, या तीन गोष्टी नकाशावर पेन्सिलीने खुणावल्या की डोंगरात काय पाहायचे ते कळते.

नावांचा घोळ गोव्यात विशेष आहे. सुर्ला नावाचे एक गाव चोर्ला घाटाच्या बाजूला सत्तरीत आहे, महादेवाच्या कदंबकालीन मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले तांबडी सुर्ला धारबांदोड्यात आहे आणि आणखी एक सुर्ला डिचोली तालुक्यात आहे. केरी तर सत्तरीत, पेडण्यात आणि फोंड्यातही आहे. सत्तरीतल्या वाघेरी डोंगराच्या पायथ्याचे केरी शोधणारा वाचक मोबाइलवरच्या नकाशाच्या नादाने पेडण्याच्या किनाऱ्यावर जाऊन उभा राहिला, तर त्यात त्याचा दोष फारसा नाही. म्हणून गावाच्या नावासोबत तालुका पहिल्याच उल्लेखात यावा. पोर्तुगीज काळातली रोमन लेखनपद्धती, कोकणी उच्चार आणि मराठी वर्तमानपत्रांतले रूप यांत फरक पडतो, तेव्हा गावकरी जे नाव उच्चारतात ते मुख्य धरावे आणि फलकावरचे रूप वेगळे असल्यास एकदा नमूद करावे.

डोंगरात काय टिपावे

स्मरणशक्तीवर विसंबून लिहिलेले वाटेचे वर्णन जवळजवळ नेहमी सोपे होऊन उतरते, कारण घरी परतल्यावर दमणूक विसरली जाते आणि दृश्य तेवढे लक्षात राहते. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक वळणावर थांबून टिपण करणे. वेळ, दिशा, पायाखालची जमीन, पाणी आणि वाट चुकण्याची शक्यता एवढे पाच रकाने पुरेसे आहेत. “9.40, ओहोळ ओलांडला, पाणी घोट्यापर्यंत, खडक शेवाळलेले, पलीकडे तीन वाटा, मधली घेतली, उजवीकडची गुरांची” अशा तुटक ओळीतून घरी बसून अचूक परिच्छेद लिहिता येतो.

ओहोळाचा डावा काठ म्हणजे नेमका कोणता, हेही एकदा स्पष्ट करावे. पाणी वाहते त्या दिशेला तोंड केल्यावर डाव्या हाताला येतो तो डावा काठ, हा संकेत सर्वत्र चालतो. पण चढताना आपले तोंड उलट दिशेला असते, त्यामुळे संकेत न सांगता “डावीकडे वळावे” असे लिहिले तर वाचक पलीकडच्या काठाला लागू शकतो. शक्य असेल तिथे “उत्तरेकडच्या काठाने” असे दिशेनेच लिहावे.

वेळेच्या बाबतीत विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली मांडलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो: सपाटीवर ताशी सुमारे पाच किलोमीटर आणि चढाच्या प्रत्येक 600 मीटरांसाठी आणखी एक तास. सहा किलोमीटर अंतर आणि 450 मीटर चढ असेल तर या हिशेबाने दोन तासांपेक्षा थोडा कमी वेळ लागायला हवा. गोव्याच्या दमट हवेत, निसरड्या पाचोळ्यावरून आणि वेगवेगळ्या वेगाने चालणाऱ्या गटासोबत हा आकडा सहज दीडपट किंवा दुप्पट होतो. म्हणून ठोकताळ्याचा उपयोग फक्त पडताळ्यासाठी करावा आणि लेखात गटाला प्रत्यक्षात लागलेला वेळ, गटात कोण होते आणि मधले थांबे धरले आहेत की नाहीत, हे लिहावे. एकट्याने झपाझप चढून काढलेला वेळ छापणे ही निव्वळ बढाई असते आणि तिची किंमत अंधारात अडकलेल्या कुटुंबाला मोजावी लागते.

उंचीचा आकडा

डोंगरलेखनात सर्वांत निष्काळजीपणे लिहिला जाणारा आकडा उंचीचा असतो. गोव्यातले सर्वोच्च शिखर म्हणून सोसोगड सांगितला जातो. जुन्या गॅझेटियरमध्ये त्याची उंची 3,827 फूट, म्हणजे सुमारे 1,166 मीटर दिलेली आहे, तर आज सर्रास उद्धृत होणारा आकडा 1,026 मीटर आहे. दोन्हींत 140 मीटरांचा फरक पडतो, आणि एवढ्या उंचीची एक स्वतंत्र टेकडी होते. अशा वेळी आपल्याला आवडलेला आकडा निवडून मोकळे होऊ नये. आकडा कुठला, हे त्याच्या शेजारीच लिहावे आणि सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर शिखराची उंची नोंदलेली असेल तर तिला प्राधान्य द्यावे.

मोबाइलवर दिसणारी उंची हा आणखी एक सापळा आहे. उपग्रहांच्या आधारे उपकरण मुळात पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची उंची काढते आणि प्रत्यक्ष समुद्रसपाटी त्या लंबगोलाशी जुळत नाही. आपल्या किनारपट्टीवर समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या साठ मीटरांहूनही अधिक खाली आहे. काही अॅप ही दुरुस्ती स्वतःहून करतात, काही करत नाहीत. तपासण्याचा सोपा मार्ग गोवेकरांच्या दारातच आहे: मिरामारच्या वाळूत उभे राहून अॅप उघडावे. तिथे शून्याच्या आसपासचा आकडा दिसला तर दुरुस्ती होत आहे; उणे साठ-सत्तर किंवा त्याहूनही खालचा आकडा स्थिरावला तर ते अॅप डोंगराच्या उंचीसाठी निरुपयोगी समजावे. त्यानंतरही दहा-वीस मीटरांची चूक उरतेच, त्यामुळे “742.6 मीटर” असा दशांशातला आकडा लिहिण्यात अर्थ नाही.

भूगर्भाविषयी लिहितानाही असाच पडताळा करावा. सह्याद्री म्हटले की काळा बेसाल्ट, असे महाराष्ट्रातल्या किल्ल्यांवर वाढलेल्या वाचकाला वाटते. गोव्यात हा दख्खनचा लाव्हा ईशान्येकडच्या कोपऱ्यातच आढळतो. बाकीच्या बहुतेक भागात त्याहून फार प्राचीन रूपांतरित खडक आहेत आणि अनेक पठारांवर जांभ्याचे आच्छादन आहे. याच संदर्भात आणखी एक चूक वारंवार दिसते. 2012 साली पश्चिम घाटातल्या 39 स्थळांना युनेस्कोचा जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, पण त्यांत गोव्यातले एकही स्थळ नाही. “जागतिक वारसा लाभलेले मोलेचे जंगल” असे लिहून त्या जंगलाची थोरवी वाढत नाही, लेखाची विश्वासार्हता तेवढी कमी होते.

माणसांना विचारताना

या डोंगरांत वेळीप, गावडा, कुणबी आणि धनगर-गवळी समाजाची वस्ती आहे; लेखक ज्या वाटेला “आपण शोधलेली” म्हणतो, ती कोणाची तरी गुरांची, मधाची किंवा देवाला जाण्याची वाट असते. शोध, सर्वप्रथम आणि अस्पर्श हे तीन शब्द मसुद्यातून काढून टाकावेत. ज्याने वाट दाखवली त्याला लेखात श्रेय द्यावे, पण नाव, गाव आणि दूरध्वनी छापण्यापूर्वी स्पष्ट विचारावे. अनेकांना ओळख हवी असते. काहींना वन खात्याशी किंवा शेजाऱ्यांशी नसता वाद नको असतो. “बाबा, तुमचे नाव लिहिले तर चालेल?” हा प्रश्न गप्पा रंगण्याआधी विचारला तर उत्तर मोकळेपणाने येते. वाट दाखवणाऱ्याचा अर्धा दिवस जातो, त्याचे पैसे आधी ठरवून द्यावेत आणि सर्वसाधारण दर लेखातही सांगावा, म्हणजे पुढचे लोक चहापाण्यावर भागवत नाहीत.

देवराईच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी. राईत कोठपर्यंत जायचे, पादत्राणे कुठे काढायची, कशाला हात लावायचा नाही, हे त्या राईचे मानकरी सांगतात, आणि बऱ्याच राईंतून वाळलेली काटकीसुद्धा बाहेर नेली जात नाही. सत्तरीतली निरंकाराची राय तिथल्या मिरिस्टिका (रानजायफळ) वृक्षांच्या दलदलीमुळे वनस्पतिअभ्यासकांना माहीत आहे. या झाडांची मुळे गुडघ्याच्या आकारात चिखलातून वर येतात आणि त्यांच्याद्वारे झाड श्वास घेते. दहा जण छायाचित्रासाठी त्यांवर चढले, तर काय होईल ते सांगायला नको. अशा ठिकाणाचे महत्त्व सविस्तर लिहावे, नियम तर अवश्य लिहावेत. वाट मात्र गावातच विचारू द्यावी. गावात विचारावे लागणे ही अडचण नाही, ती त्या जागेची राखण आहे.

जीवसृष्टी: किती सांगावे, काय झाकावे

चोर्ल्याच्या परिसरातले सडे, म्हणजे कातळाची सपाट पठारे, उन्हाळ्यात ओसाड दगडासारखे दिसतात, म्हणून त्यांवर गाडी चढवायला कोणी मागेपुढे पाहत नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्याच कातळावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवे आणि दवबिंदू या नावांच्या कीटकभक्षी वनस्पती फुलतात. 2018 साली वर्णन झालेल्या एका बेडकाच्या प्रजातीला गोव्यावरून गोएमची हे नाव मिळाले, तोही पश्चिम घाटाच्या उत्तर भागातल्या अशाच पठारांवरचा. लेखकाने सड्यावर “मोकळी जागा, तंबूसाठी उत्तम” असे लिहिण्यापूर्वी तिथे एकदा सप्टेंबरात जाऊन यावे.

ओळख पटलेली नसेल तर प्रजातीचे नाव लिहू नये. “हिरवा, त्रिकोणी डोक्याचा साप” एवढे वर्णन पुरे. कारवीविषयी “दर सात वर्षांनी फुलते” हे वाक्य उचलून चिकटवण्यापेक्षा आपण पाहिलेल्या उताराचे नाव, महिना आणि वर्ष नोंदवावे, कारण सगळे उतार एकाच वर्षी फुलत नाहीत.

स्थान झाकण्याचे तंत्र समजून घेण्यासारखे आहे. अक्षांश-रेखांशात दशांशानंतर चार अंक दिले तर जागा सुमारे 11 मीटरांच्या आत सापडते. एकच अंक दिला तर ती 11 किलोमीटरांच्या पट्ट्यात राहते. आयनॅचरलिस्ट हे निरीक्षण-नोंदीचे व्यासपीठ संकटग्रस्त प्रजातींचे स्थान 0.2 अंशाच्या चौकोनात विखरून दाखवते, म्हणजे अंदाजे बावीस किलोमीटरांत. लेखासाठी मी तालुका किंवा अभयारण्य यापलीकडे जाऊ नये असे म्हणेन. घरटी, गुहा, दुर्मीळ ऑर्किड आणि साप यांना हे काटेकोरपणे लागू करावे. मलबार चापडा हा विषारी साप भक्ष्याची वाट पाहत एकाच फांदीवर किंवा खडकावर दिवसेंदिवस बसून राहतो, त्यामुळे आज टाकलेल्या स्थानावर उद्या दहा कॅमेरे पोहोचतात आणि काडीने त्याला हलवून “चांगली पोझ” घेतली जाते. गोव्याच्या सीमेलगत बेळगाव जिल्ह्यातली एक गुहा रॉटनच्या वटवाघळाचे जगातले एकमेव ज्ञात ठिकाण म्हणून दीर्घकाळ ओळखली जात होती. पुढे मेघालय आणि कंबोडियातही ही जात सापडली. गुहेतल्या एका विजेरीच्या झोताने पिलांसकट अख्खी वसाहत उडू शकते, म्हणून अशा गुहेचे वर्णन लिहिताना तिथे कसे जायचे हे सांगायचेच नाही.

छायाचित्रांतून स्थान फुटते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. मोबाइलने काढलेल्या चित्राच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश नोंदलेले असू शकतात. प्रसिद्धीपूर्वी ते काढून टाकावेत. मागे दिसणारी ओळखीची कडा किंवा मनोरा यांमुळेही जाणकाराला जागा कळते, तेव्हा नाजूक विषयाचे चित्र जवळून कापलेले वापरावे.

धोके लिहिण्याची रीत

या भागात मोघमपणाला अजिबात जागा नाही. “पावसाळ्यात काळजी घ्यावी” या वाक्याने कोणाचाही जीव वाचत नाही. त्याऐवजी असे लिहावे: “सप्टेंबरअखेर, आधीचे तीन दिवस पाऊस नसताना, या ओहोळाला घोटाभर पाणी होते. आदल्या रात्री घाटमाथ्यावर पाऊस झाला असेल तर इथूनच परतावे. पुढे आणखी दोन ठिकाणी हाच ओहोळ ओलांडावा लागतो आणि मधल्या टप्प्यात वर चढून जायला जागा नाही.” आपल्या डोक्यावर ऊन असताना वर घाटात कोसळलेला पाऊस खाली लोंढा आणतो, पाणी एकाएकी गढूळ होणे, पाचोळा आणि काटक्या वाहत येणे, प्रवाहाचा आवाज जड होणे या खुणा दिसताच काठ सोडायचा, हे प्रत्येक धबधब्याच्या लेखात असलेच पाहिजे. धबधब्याखालच्या कोंडीत पोहण्याचे छायाचित्र छापून खाली “पोहू नये” असे लिहिणाऱ्यांना मी गंभीरपणे घेत नाही, वाचकही घेत नाहीत.

सर्पदंशाबाबत एक महत्त्वाची गोष्ट बहुतेक लेखांत नसते. भारतात मिळणारी प्रतिसर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर तयार केलेली आहे. चापड्याच्या विषावर ती बनवलेली नाही. म्हणून “लस उपलब्ध आहे, चिंता नसावी” असे लिहू नये. दंश झालेला अवयव स्थिर ठेवावा, जखम कापू नये, करकचून बांधू नये, 108 वर कळवावे आणि माणसाला रुग्णालयात न्यावे, एवढेच लिहावे. त्याबरोबर वाटेवर मोबाइलला शेवटची रेंज कुठे मिळते आणि गाडी येईल असा सर्वांत जवळचा रस्ता कोणता, हे आपल्या टिपणातून द्यावे, कारण 108 हा आकडा रेंज असेल तिथेच उपयोगाचा.

सत्तरीत 2015 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. 1957 साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या रानात प्रथम ओळखला गेलेला हा विषाणूजन्य आजार गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि त्याचा जोर डिसेंबर ते मे या काळात, म्हणजे नेमका पदभ्रमणाच्या हंगामात असतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पाचोळ्यावर बसू नये, परतल्यावर अंग तपासावे, मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता वन किंवा आरोग्य खात्याला कळवावे आणि पुढच्या दिवसांत ताप आला तर आपण रानात गेलो होतो हे डॉक्टरांना सांगावे. जळवांवर पानेच्या पाने लिहिली जातात आणि गोचिडीवर एक ओळही नसते, हे मला नेहमी अजब वाटते. जळू रक्त पिऊन गळून पडते, त्याहून जास्त काही करत नाही.

जागेच्या प्रश्नावर लिहायचे असेल तर

संवर्धनाच्या लेखात संतापाला जागा आहे, पण आधी कागद नीट लावावेत. मोलेच्या रानातून जाणारे तीन प्रकल्प 2020 साली चर्चेत आले: लोहमार्गाचे दुपदरीकरण, महामार्गाचे रुंदीकरण आणि 400 केव्हीची वीजवाहिनी. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली ती यांपैकी लोहमार्गाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी. “मोले वाचले” असे त्यावर लिहिणे म्हणजे उरलेल्या दोन प्रकल्पांचे अस्तित्वच विसरणे होय. म्हादई आणि आसपासच्या रानासाठी मागितल्या गेलेल्या व्याघ्र प्रकल्पाबाबतही तसेच. जुलै 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत तो अधिसूचित करण्याचा आदेश दिला, त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. आदेश, आव्हान, अधिसूचना आणि अंमलबजावणी हे वेगवेगळे टप्पे आहेत; लेख प्रसिद्ध होत आहे त्या दिवशी प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे, ते तारखेसह लिहावे.

जानेवारी 2020 मध्ये सत्तरीत गोळावलीच्या परिसरात चार वाघ मृत सापडले. विषप्रयोगाचा आणि त्यामागे गुरांच्या शिकारीचा संबंध तपासात पुढे आला. अशा घटनेवर लिहिताना आरोपींना खलनायक रंगवून मोकळे होणे सोपे असते. गाय मेल्यावर भरपाईचा अर्ज कुठे करायचा, पंचनामा कोण करतो, पैसे हातात यायला किती काळ लागतो, हे गोठ्यात बसून विचारले तर लेख दुप्पट उपयोगी होतो; आणि वाघ मारणे हा गंभीर गुन्हा आहे, हे लिहायला त्यामुळे कोणतीही आडकाठी येत नाही.

मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यासह अनेक ठिकाणी वणवे पेटले तेव्हा नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी टाकण्यासाठी वापरावी लागली. पदभ्रमणावर लिहिणाऱ्यासाठी त्यातून निघणारा नियम सरळ आहे: फेब्रुवारी ते मे या काळातल्या लेखात शेकोटी आणि चुलीचे छायाचित्र असू नये. अभयारण्यात आग पेटवण्यावर वन्यजीव कायद्याच्या कलम 30 खाली बंदी आहेच. पण वाचक कलमापेक्षा चित्राचे अनुकरण आधी करतो.

प्रसिद्धीपूर्वी आणि नंतर

मसुदा झाल्यावर विशेषणे मोजावीत. स्वर्गीय, नयनरम्य, अद्भुत यांतले एकही न वापरता दृश्य उभे करता आले नाही, तर टिपणात काहीतरी कमी आहे असे समजावे. त्यानंतर मसुदा दोघांना वाचायला द्यावा: एक, ती वाट कधीही न चाललेला, आणि दुसरा, त्याच गावातला. पहिला कुठे अडखळतो ते पाहून वाटेची वाक्ये दुरुस्त करावीत. दुसरा जे काढून टाका म्हणेल, ते शक्यतो वाद न घालता काढून टाकावे.

लेखाच्या शिरोभागी वाट कोणत्या महिन्यात आणि वर्षात चाललो, परवानगीची चौकशी कधी केली आणि मजकूर शेवटचा कधी तपासला, या तीन तारखा असाव्यात. दर पावसाळ्यानंतर वन कार्यालयात पुन्हा चौकशी करून तिसरी तारीख बदलावी. दरड कोसळून वाट मोडली, प्रवेश बंद झाला किंवा गावकऱ्यांनी गर्दीविषयी तक्रार केली, तर वाटेचा भाग तात्पुरता मागे घेऊन तिथे कारण लिहावे. लेख अखंड ठेवून खाली बारीक अक्षरात सूचना जोडणे पुरेसे नाही, कारण मोबाइलवर वाचणारा तेवढ्या खाली जात नाही. इतरांनी आपला मजकूर उचलून छापला असेल तर त्यांनाही बदल कळवावा. निदान बंद झालेली वाट आपल्या नावाने फिरत राहणार नाही.